हवामान बदल शाळेत शिकवून गावात काय बदलते?

प्रश्न : माणदेशातील शिक्षिका

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान आणि भूगोल शिकवते. गेले काही दिवस एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून तो आपल्यापुढे सविस्तर मांडते आहे.

आमच्या शाळेत ‘हवामान बदल’ या विषयावर चित्रकला स्पर्धा झाली. मुलांनी मन लावून चित्रे काढली. वितळणारे हिमनग, एका तुकड्यावर उभे असलेले ध्रुवीय अस्वल, तोंडात तापमापक धरलेली पृथ्वी आणि धूर ओकणारी धुराडी त्यांत होती. सगळी चित्रे भिंतीवर लावून झाल्यावर माझ्या लक्षात आले की, ज्या गावात पाऊस लांबला की टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावातल्या मुलांच्या एकाही चित्रात विहीर नव्हती. मी मुलांना दोष देत नाही. आम्ही जे दाखवले तेच त्यांनी काढले.

दुसऱ्या दिवशी तोंडी प्रश्न विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी सांगितले की ओझोनच्या थराला भोक पडल्यामुळे ऊन आत येते आणि पृथ्वी तापते. ही चुकीची समजूत मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकते आहे आणि ती शिक्षकांमध्येही आहे. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण 1958 मध्ये दहा लाख भागांत सुमारे 315 भाग होते आणि आज ते 420 च्या वर गेले आहे, हे मी फळ्यावर लिहून देते. मुले ते पाठही करतात. मात्र त्या आकड्याचा आपल्या शिवाराशी काय संबंध, हे त्यांना सांगता येत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही ते नीट सांगता येत नाही.

पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर सक्तीचा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्येच सांगितले होते. आपल्या राज्यात परिसर अभ्यास तिसरीपासून आहे आणि नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषयही आला. पण तो गुणांऐवजी फक्त श्रेणी मिळणारा विषय असल्यामुळे परीक्षा जवळ आली की त्याची तासिका गणिताला जाते, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. तेव्हा हवामान बदलाला तोंड देण्यात शिक्षणाचा उपयोग होतो असे आपण म्हणतो, तो नेमका कोणत्या प्रकारच्या शिक्षणाचा होतो? कोणी तो प्रत्यक्ष होताना पाहिला असेल, तर कृपया लिहावे.

प्रतिसाद 1 : भूजल क्षेत्रात काम करणारा

ताई, आपल्या चित्रांमध्ये विहीर नव्हती, हे वाक्य वाचून थांबलो. मी बरीच वर्षे गावोगावच्या विहिरींची पातळी मोजण्याचे काम केले आहे, त्यामुळे थोडे लांबलचक लिहितो.

माझे मत असे आहे की हवामान बदलाचे शिक्षण मोजण्यापासून सुरू व्हायला हवे आणि त्या मोजणीवरून गावाने एखादा निर्णय घेतला, तरच ते पूर्ण झाले असे म्हणावे. बाकीची माहिती महत्त्वाची आहेच, पण ती या मोजणीच्या आधाराने दिली तर टिकते.

मराठीत आपली एक अडचण आहे. भूगोलाच्या पुस्तकात ‘हवा’ म्हणजे आजची, या क्षणाची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे अनेक वर्षांची, साधारणपणे 30 वर्षांची सरासरी, असा फरक आपण शिकवतो. बातम्यांमध्ये मात्र उद्याच्या पावसाच्या अंदाजालाही ‘हवामान अंदाज’च म्हणतात. मुलाला हा फरक व्याख्येने कळत नाही. शाळेच्या वहीत रोजच्या पावसाची नोंद असेल, आणि त्याच वहीची पाच-दहा वर्षांपूर्वीची पाने चाळता येत असतील, तर तो आपोआप कळतो.

पर्जन्यमापकाला खर्च नाही. सरळ भिंतीची, शक्यतो कंगोरे नसलेली प्लास्टिकची बाटली घ्यावी, तिचा वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा, तळाच्या खाचा बुजेपर्यंत पाणी भरावे आणि तेथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. जागा मोकळी असावी. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर बाटली ठेवावी. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठ वाजता मागील 24 तासांचा पाऊस मोजतो, म्हणून आपणही त्याच वेळी मोजावा, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात.

आता हिशेब. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी, म्हणजेच एका हेक्टरवर 10 हजार लिटर. आपल्या भागात वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस पडला आणि गावाचे शिवार 1,000 हेक्टर असले, तर गावावर 500 कोटी लिटर पाणी पडले. जलसंधारणाच्या कामांत आपण ज्याला टीसीएम म्हणतो, म्हणजे एक हजार घनमीटर किंवा 10 लाख लिटर, त्या मापाने हे 5,000 टीसीएम झाले. ऐकायला हा आकडा फार मोठा वाटतो. पण त्यातला बराचसा भाग बाष्पीभवनाने आणि पिकांतून, गवतातून, झाडांतून परत हवेत जातो, काही ओढ्याने वाहून जातो आणि आपल्या बेसाल्टच्या कातळात मुरतो तो थोडाच.

आता खर्चाची बाजू पाहा. हजार लोकवस्तीच्या गावाला माणशी रोज 55 लिटर या मापाने वर्षभर घरगुती वापरासाठी सुमारे 20 टीसीएम पाणी लागते. उसाला एका हंगामात साधारण 1,500 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागते. मधला 2,000 चा आकडा धरला, तर एका हेक्टर उसाला 20 टीसीएम पाणी झाले. म्हणजे अख्ख्या गावाचे वर्षभराचे पिण्याचे आणि वापरण्याचे पाणी आणि एक हेक्टर ऊस यांचा आकडा एकच येतो. ज्वारीला हेच पाणी सुमारे 5 टीसीएम पुरते. सातवीच्या मुलांना गुणाकार येतो, त्यामुळे हा हिशेब ती स्वतः करू शकतात. मी एका गावात हा हिशेब शाळेच्या फळ्यावर मुलींकडून करवून घेतला होता. दुपारी ग्रामसभा त्याच वर्गात भरली आणि फळा तसाच राहिला होता. त्या दिवशी मला बोलावे लागले नाही. एका आजोबांनी उठून फळ्याजवळ जाऊन 20 आणि 20 या दोन्ही आकड्यांवर बोट ठेवले आणि “हे खरं आहे का?” एवढेच विचारले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाऊस मोजून त्यावर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरवण्याची पद्धत रूढ केली. तिथे सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, हे गावाने ठरवले आणि पाळले.

याहून मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण पूर्वीच्या आंध्र प्रदेशातले आहे. अनंतपूर, कर्नूल, चित्तूर, महबूबनगर अशा सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांना पर्जन्यमापक वाचायला, बोअरच्या पाण्याची पातळी मोजायला आणि रब्बीच्या तोंडावर गावात किती पाणी शिल्लक आहे ते काढायला शिकवले गेले. कोणावर सक्ती नव्हती, अनुदानाचे आमिष नव्हते. माहिती मात्र सर्वांसमोर भिंतीवर लिहिलेली होती. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी आपणहून भाताखालचे क्षेत्र कमी केले. त्यांतल्या कितीतरी जणांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. आपण विचारलेल्या ‘नेमक्या कोणत्या शिक्षणा’चे उत्तर मला या कामात दिसते.

आता या सगळ्याचा हवामान बदलाशी संबंध कसा, ते सांगतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि ते थोड्या तासांत सोडते. त्यामुळे वर्षाची बेरीज तेवढीच राहिली, तरी पावसाचे दिवस कमी होऊ शकतात आणि एकदम पडलेले पाणी मुरण्याऐवजी मातीसकट वाहून जाते. ही गोष्ट वार्षिक सरासरीत दिसत नाही, रोजच्या नोंदीत दिसते. आपल्या मुलांच्या वहीत ‘सलग 23 दिवस कोरडे, मग एका रात्रीत 90 मिलिमीटर’ अशी नोंद आली, की 420 च्या आकड्याला शिवारात जागा मिळेल.

प्रतिसाद 2 : कृषी पदवीधर, फलटण

वरील प्रतिसाद फार उपयुक्त आहे. एक दुरुस्ती मात्र सुचवतो, कारण हा हिशेब शाळेत मांडला जाणार असेल तर तो बिनचूक असावा. उसाच्या 2,000 मिलिमीटरमध्ये शेतावर थेट पडणारा पाऊसही धरलेला असतो. 500 मिलिमीटरच्या प्रदेशात त्यातला साधारण 300 मिलिमीटर पाऊस पिकाच्या कामी आला असे मानले, तर विहिरीतून किंवा कालव्यातून द्यावे लागणारे पाणी 17 टीसीएमच्या आसपास येईल. पाटाने पाणी दिले तर वाया जाणारे पाणी धरून ते पुन्हा वाढेल आणि ठिबकवर बरेच कमी होईल. मुख्य मुद्दा यामुळे बदलत नाही, पण गावात ऊस उत्पादक असतोच आणि तो सर्वांत आधी हीच शंका काढेल. त्याला उत्तर देता आले नाही, तर पुढचे कोणी ऐकणार नाही. मुलांनी दोन्ही हिशेब करावेत आणि त्यांतला फरक कोठून आला तेही लिहावे, असे मला वाटते.

शेतीला हवामान बदलाशी जुळवून घेता यावे म्हणून राज्य शासनाने आखलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ज्याला आपण पोकरा म्हणतो त्यात, मी काही काळ शेतीशाळांचे काम पाहिले आहे. शेतीशाळेची मूळ कल्पना 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांच्या प्रश्नातून निघाली. शेतकरी बांधावर बसून कीड मोजतात आणि फवारणी करायची की नाही ते मोजणीवरून ठरवतात. जिथे शेतीशाळा खरोखर बांधावर भरली तिथे फरक पडला. जिथे ती समाजमंदिरात खुर्च्या मांडून भाषणे देऊन आणि फोटो काढून उरकली, तिथे पडला नाही. मॅडमच्या चित्रकला स्पर्धेबाबतही मला हेच म्हणावेसे वाटते.

प्रतिसाद 3 : बीड जिल्ह्यातील कार्यकर्ती

मॅडम, आपला प्रश्न आणि वरची उत्तरे वाचली. मला त्यांत एक मोठी उणीव दिसते आणि ती मांडल्याशिवाय राहवत नाही. शिक्षणाने हवामान बदलाला कसे तोंड द्यायचे, याची चर्चा आपण करतो आहोत. पण हवामानच मुलांचे शिक्षण हिरावून घेत असेल, तर ही चर्चा कोणासाठी करायची?

आमच्याकडून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून आधीच उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. पाऊस दगा देतो त्या वर्षी सोयाबीन आणि कापूस हाती लागत नाही, उचल मोठी घ्यावी लागते आणि एरवी आजीजवळ राहणारी मुलेही सोबत जातात. लहान भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी लागते, म्हणून तिचे नाव आधी कटते. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडलेला असतो. ज्या वहीत जूनपासून पावसाच्या नोंदी तिने केल्या, तिचा ताळेबंद मांडायची वेळ ऑक्टोबरात येते, तेव्हा ती उसाच्या फडात असते. तोच ऊस, ज्याच्या पाण्याचा हिशेब वर मांडला आहे.

युनिसेफच्या अहवालानुसार 2024 मध्ये 85 देशांतल्या किमान 24 कोटी 20 लाख विद्यार्थ्यांच्या शिक्षणात उष्णतेच्या लाटा, वादळे, पूर आणि अवर्षण यांमुळे खंड पडला. आमच्या तालुक्यातल्या मुलांचा खंड अशा आकड्यांत कितपत येतो याची मला शंका आहे, कारण आमच्याकडे शाळा बंद पडत नाही. शाळा चालूच असते, मुले गेलेली असतात.

यावर उपाय नाही असे नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. गावातच मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय झाली, तर आई-वडील त्यांना मागे ठेवायला तयार होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण आमच्या गावचे वसतिगृह एका वर्षी टोळ्या निघून गेल्यानंतर महिनाभराने सुरू झाले. तोपर्यंत मुले फडावर पोहोचली होती आणि तेथून त्यांना परत आणायला कोणी नव्हते. पाऊस कमी झाला हे ऑगस्टअखेर सर्वांना ठाऊक होते. तेव्हाच वसतिगृहाची तयारी सुरू झाली असती, तर किती मुली वाचल्या असत्या. म्हणून माझी विनंती अशी की, मुलांच्या पर्जन्यमापकाची नोंद शाळेच्या भिंतीपुरती राहू नये. पाऊस सरासरीच्या खूप खाली गेला, की शाळा व्यवस्थापन समितीने त्याच आठवड्यात वसतिगृहाची मागणी लेखी द्यावी.

प्रतिसाद 4 : आयटीआयमधील निदेशक

मी वीजतंत्री व्यवसायाला शिकवतो. चर्चा पाण्यावर केंद्रित झाली ते स्वाभाविक आहे, परंतु हवामान बदलाचे कारण ऊर्जेत आहे आणि तेही मोजता येते, एवढे सांगण्यासाठी लिहितो. आपल्या देशातील विजेचा मोठा भाग अजूनही कोळशापासून तयार होतो. एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असे धरता येते. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराचा हिशेब 70 किलोचा झाला. मुलांनी घरचे वीजबिल आणून हे गणित करावे.

मात्र त्याच तासाला हेही सांगावे की भारतात माणशी वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड पडतो, जगाची सरासरी साडेचार टनांच्या पुढे आहे आणि अमेरिकेत ती 14 टनांच्या आसपास आहे. माणच्या मुलाला त्याच्या घरातल्या दोन दिव्यांवरून अपराधी वाटायला लावणे अन्यायाचे आहे. ही जबाबदारी कशी वाटली गेली आहे हे त्याला कळणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे. 1992 च्या हवामान करारातील सहावे कलम आणि 2015 च्या पॅरिस करारातील बारावे कलम शिक्षण आणि जनजागृतीसाठीच आहे, पण त्या करारांतला न्यायाचा मुद्दा आमच्या वर्गांपर्यंत क्वचितच पोहोचतो.

दुसरी बाब सौर पंपांची. गावोगाव ते बसत आहेत आणि आमच्या मुलांना त्यात काम मिळते आहे, याचा मला आनंद आहे. पण डिझेलचा खर्च आणि विजेचे बिल दोन्ही गेल्यावर पंप दिवसभर चालू ठेवायला काहीच अडसर राहत नाही. पॅनेल कसे जोडायचे हे मी शिकवतो, त्या विहिरीत पाणी किती आहे हे मात्र माझ्या अभ्यासक्रमात नाही. प्रतिसाद 1 मधील हिशेब मी येत्या सत्रापासून माझ्या वर्गात घेणार आहे. पंप बसवायला जाणाऱ्या मुलाने शेतकऱ्याला विहिरीच्या पातळीची नोंद ठेवायला सांगितले, तर ते त्याच्या कामातच धरले पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ती : माणदेशातील शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

बाटलीचा पर्जन्यमापक आम्ही शाळेच्या मैदानात, ध्वजस्तंभापासून दूर बसवला. साडेआठ वाजता शाळा भरलेली नसते, म्हणून शाळेशेजारी राहणाऱ्या सातवीतल्या दोन बहिणींनी ती जबाबदारी घेतली आहे. पहिल्या आठवड्यात वहीत सलग शून्ये आली, तेव्हा धाकटीने विचारले, “पाऊसच नाही तर रोज कशाला लिहायचं?” मी तिला म्हटले की शून्यसुद्धा मोजावे लागते. नवव्या दिवशी 14 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी दोघी वही घेऊन माझ्या गाडीची वाट पाहत फाटकात उभ्या होत्या.

पालकांना याची गोडी लागेल असे वाटले नव्हते, पण ती एका वेगळ्याच कारणाने लागली. आपल्याकडे महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला, तर अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचे पंचनामे त्यावर अवलंबून असतात. मंडळाचे स्वयंचलित हवामान केंद्र आमच्या गावापासून बरेच लांब आहे. आपल्या गावात किती पडला आणि मंडळात किती दाखवला, हे शेजारी-शेजारी लिहिलेले पाहायला आता काही शेतकरी शाळेत येतात. आमच्या बाटलीच्या आकड्याला सरकारदरबारी मान्यता नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. तरीही ते येतात आणि मुलींना “आज किती?” असे विचारतात.

फलटणच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे उसाचे दोन्ही हिशेब आठवीच्या वर्गाने केले. एका मुलाचा स्वतःचा ऊस आहे. त्याने घरी विचारून पाण्याच्या पाळ्या किती आणि मोटर प्रत्येक पाळीला किती तास चालते ते लिहून आणले आणि आमचा 17 चा आकडा कमी आहे, त्यांच्या शेतात त्याहून जास्त पाणी जाते, असे सांगितले. त्याचे गणित मी दोनदा तपासले. ते बरोबर होते.

बीडच्या ताईंचे लिहिणे मात्र मला टोचले. आमच्या वर्गातलीही चार मुले दिवाळीनंतर दिसत नाहीत आणि मी ते दरवर्षीचेच म्हणून धरले होते. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक येत्या शनिवारी आहे. वसतिगृहाच्या मागणीचा अर्ज कोणत्या नमुन्यात द्यायचा आणि त्याला पटसंख्येची कोणती यादी जोडावी लागते, हे ताईंनी कळवले तर बरे होईल.

प्रतिसाद 3 कडून : बीड जिल्ह्यातील कार्यकर्ती

मॅडम, आमच्याकडचा अर्ज आज रात्री टंकून येथेच टाकते. यादीत मुलांच्या नावापुढे पालक कोणत्या महिन्यात जातात तो रकाना जरूर ठेवा, आणि आजी-आजोबा गावात राहतात की नाही तेही लिहा. बैठकीच्या इतिवृत्तात तुमच्या मुलींच्या वहीतला आतापर्यंतचा पाऊस नोंदवून घ्या. आमच्याकडे पुढच्या वर्षी तारीख दाखवायला तोच कागद उपयोगी पडला होता.